बरोबरी मागायची कोणी

कोपरच्या सहदेवला बुद्धिबळ येतं म्हणून लोक त्याला हुशार म्हणत. हुशार कसला, डोक्यात राख घालून घेतलेला माणूस! सख्खा धाकटा भाऊ कुंडलिक भिंतीपलीकडे राहायचा आणि दोघांत वर्षानुवर्षांचा अबोला. आई गेली तेव्हा सहदेव खडवलीला सासुरवाडीत जत्रेला गेलेला, फोन काही उचलला नाही. कुंडलिकनं वाट न बघता अग्नी दिला. थोरल्याला आईचं तोंडही पाहता आलं नाही. तेव्हापासून जो आधी बोलेल तो चुकला, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं, आणि आळीतल्या पोराटोरांनाही ते ठाऊक होतं.

यंदा माघी गणपतीत मंडळाच्या स्पर्धेत अंतिम डावाला नेमके हेच दोघे समोरासमोर आले. "नका बसू," सहदेवची बायको नंदा म्हणाली. पण ऐकतो कोण?

डाव चिवट झाला. शेवटी पटावर सहदेवचे दोन उंट, कुंडलिकचा एक घोडा आणि दोघांचे राजे एवढंच उरलं. बघणारे म्हणाले, संपलं, बरोबरी. सहदेव मनात हसला. निवृत्त झाल्यापासून कंप्युटरवर त्यानं हाच प्रकार घोकला होता. नेटानं खेळलं तर दोन उंट घोड्याला बहुतेक वेळा खातातच, फक्त कधीकधी साठाच्या वर खेळ्या लागतात. आणि इथंच माशी शिंकते. दोघांच्या पन्नास-पन्नास खेळ्यांत काही मारलं गेलं नाही, प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. जिंकणाऱ्याचा हक्काचा डाव पाण्यात. मात्र ती आपोआप होत नाही, मागावी लागते. मंडळात पंच नव्हता. समोरच्याला तोंडानं सांगायचं आणि बघ्यांनी मध्ये बोलायचं नाही, अशी पहिल्यापासूनची रीत.

सहदेव सुखावला. माग म्हणावं! मागितलीस तर आधी तू बोललास, नाही मागितलीस तर हरलास.

कुंडलिक बोटांच्या पेरांवर खेळ्या मोजत होता, ते सहदेवला दिसत होतं. पन्नासावी झाली. कुंडलिकनं वर पाहिलं, ओठ किंचित हलले. मग त्यानं तोंड मिटलं आणि पुढच्या खेळीला घोडा उचलून ठेवला. आणखी दोन खेळ्या झाल्या. घोडा आता कोपऱ्यात सापडला होता, थोड्याच वेळात मरणार होता. पण सहदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस डाव घालवतोय, पण सख्ख्या भावाला एक शब्द देत नाही? एवढं वैर? स्वतःचं वैर त्याला कधी जास्त वाटलं नव्हतं. समोरच्याचं बघून मात्र छाती जळाली.

"अरे माग ना, मेल्या! पन्नास झाल्या! तोंड शिवलंय का तुझं?"

शब्द सुटले आणि मग त्याला कळलं.

कुंडलिकनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःचा राजा आडवा करून हार मानली, उठला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी? आधी तो बोलला." मग चप्पल पायात सरकवून निघून गेला.

ढाल सहदेवला मिळाली. टाळ्या वाजवताना लोक एकमेकांकडे बघून हसत होते. घरी येऊन दार लोटल्यावर नंदा म्हणाली, "एवढ्या वर्षांनी भावाशी बोललात, आणि बोललात काय, तर मेल्या."