टेलपर्यंत पाणी

हिंगोलीच्या सायबर कॅफेत त्या दिवशी मी दोन देशांच्या फोटोंचे रंगीत प्रिंट काढले... कोस्टा रिका आणि पनामा. मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

माझ्या भावाने, संजूने, आई-आप्पांना अमेरिकेला बोलावलं होतं. तिथून आठवडाभर फिरायला जायचं, पण दोन्हीपैकी एकाच देशात. निवड आप्पांनी करायची म्हणे! आणि आप्पा असे, की चहा घेता की कॉफी विचारलं तरी "तुमी घ्याल ते" म्हणणार.

मी बाजेवर फोटो मांडले. कोस्टा रिकात ज्वालामुखी, ढगात बुडालेलं जंगल, शांत किनारे... शेजारच्या पनामात उंच इमारती, उकाडा आणि तो भूगोलात पाठ केलेला कालवा. माझं मत उघडच कोस्टा रिकाला होतं. आई तर तिथल्या मोठ्या चोचीच्या पाखरावरच फिदा.

आप्पांनी मात्र कालव्याचा फोटो उचलला, तो खाली ठेवलाच नाही.

"पोरी, ह्याचं पानी टेलपर्यंत जातं व्हय?"

मी हसले. अहो आप्पा, हा जहाजांचा कालवा, शेतीचा नाही! पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं.

आप्पा आयुष्यभर पाटकरी होते... पाटाला पाणी सोडायचं आणि पाळीपाळीने शेतांना द्यायचं. टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. तिथवर पाणी क्वचितच पोचायचं आणि तिथले शेतकरी समोर दिसणाऱ्या आप्पांनाच शिव्या द्यायचे. आप्पा खाली मान घालून ऐकायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. लहानपणी मला त्यांचाच राग यायचा, उलटून का बोलत नाहीत म्हणून.

"थेट दोन्हीकडच्या समुद्रापर्यंत जातं, आप्पा."

"मंग हेच बघू."

संजू फोनवर वैतागला. कालवा बघायला कुणी एवढं लांब जातं का! पण आप्पांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलंय, असं मी म्हटल्यावर तयार झाला.

पनामाहून फोन आला तेव्हा आप्पांचा आवाज ओळखूच येईना, इतका मोठा! दिवसभर कालव्याची पाणी अडवणारी ती मोठी दारं उघडताना-मिटताना बघत उभे होते.

"पोचून राहिलं गं पोरी... दोन्ही टेलला पोचून राहिलं!"

मग आईने फोन घेतला. म्हणाली, आज दोनदा भात मागून घेतला त्यांनी.

कोस्टा रिका सुंदर असेलच... जमलं तर बघेन कधी. पण संजू, आप्पांना त्या काठावर उभं केलंस, त्याचे आभार मानायचे राहिले होते. आज मानते.