आक्काची साडी आक्काला

आमच्या घरात कचरा होत नाही, कारण मी तो कुणाला टाकूच देत नाही. मी मास्तर. सेनगावजवळच्या शाळेत लेकरांना कचरा कमी करायला शिकवतो आणि शिकवता शिकवता माझीच तंद्री लागते. सोयाबीनच्या भुसाचं काळंभोर खत दिसतं, झाडून लख्ख झालेलं गाव दिसतं, आणि कुणीतरी मला हार घालून राहिलंय असंही दिसतं. (हार फुलांचा. प्लास्टिकचा मी स्वप्नातही घेत नाही.)

त्या दुपारी लिंबाखाली बाजेवर पडून मी माझ्या तिसरीतल्या लेकीला, ओवीला, समजावत होतो. "बघ बाई, पाला मातीतून आला, मातीतच गेला. जे जिथून आलं तिथं परत गेलं, की कचरा राहतच न्हाई."

"सगळंच?"

"सगळंच," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

आतून माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, उद्या आक्कांच्या वास्तूला न्यायची साडी ट्रंकेतून काढा. वरची न्हाई, खालची. ऐकून राहिले ना?"

"हं. ओवी, काढ गं."

इथं ट्रंकेचं सांगायला पाहिजे. आहेरात आलेली साडी आमच्याकडं सहसा कुणी नेसत नाही. ती ट्रंकेत जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या घरी निघते. नियम एकच, ज्यानं दिली त्याच्याच दारात ती जाऊ द्यायची नाही.

आक्का माझी थोरली बहीण, औंढ्याला असते. धाकट्या भावाच्या लग्नात फोटोत तिला कडेला उभं केलं, तेव्हापासून तिचा अबोला होता. आता वास्तूच्या निमित्तानं तिनंच आपणहून फोन केला होता. मला आईच्या जागी तीच. ती पुन्हा रुसली असती तर मला झेपलं नसतं.

औंढ्याला नव्या घरात धुपाचा वास भरला होता. सुनंदानं आक्काला कुंकू लावलं, पिशवीतली साडी काढली आणि जागीच थिजली. मोरपंखी साडी. वरची. आक्कानंच त्या लग्नात सुनंदाला दिलेली.

आक्का साडीकडं बघतच राहिली.

"ही तर..."

"तुझीच हाय आत्या," ओवी अभिमानानं म्हणाली. "मीच काढून पिशवीत भरली. बाबा म्हणले, जिथून आलं तिथं परत द्यायचं, म्हणजे घरात कचरा राहत न्हाई."

सुनंदानं माझ्याकडं असं पाहिलं की खत होऊन मातीत जावं वाटलं.

"कचरा व्हय रे बापू?" आक्का म्हणाली.

"आक्का, ते मी पाल्याबद्दल बोलत होतो."

तिनं साडी उचलली आणि आत निघून गेली. दार लागलं. झालं, आता जन्माचा अबोला.

दार उघडलं तेव्हा आक्का तीच साडी नेसून उभी होती. डोळे ओले होते आणि ती हसत होती.

"लई जिवावर आलं होतं रे ही द्यायला," ती म्हणाली. "दुकानात मलाच आवडली होती. पण भावाच्या घरी हलकी कशी न्यावी? चला, फोटो काढा. मी मधी."

मला इतकं हलकं वाटलं की पुन्हा तंद्री लागली. आक्का माझा सत्कार करतेय, डोक्यावर टोपी ठेवतेय, असं दिसायला लागलं. मग कळलं की ती खरोखरच ठेवतेय. टॉवेल-टोपीचा आहेर. टोपी ओळखीची होती. माझ्या डोक्याला बसेना म्हणून त्याच लग्नात मी दाजींना दिलेली.

"बाबा, ही पण परत आली," ओवी खूश झाली.

फोटोत आक्का मधोमध आहे, मोरपंखी साडीत. कडेला मी, डोक्यावरची टोपी हातानं दाबून धरलेला. बघणाऱ्याला वाटतं, सलाम करून राहिलाय.