ओलीच्या रेघा

"मासीमा, आपका फ्लैट खाली हो गया." कलकत्त्यातल्या बागबाजारच्या दलालाने फोनवर ही बातमी जवळजवळ अभिनंदनाच्या सुरात दिली. हे वाक्य ऐकायला मी पस्तीस वर्षं थांबले होते. धीरेनबाबू वारले होते... माझे भाडेकरू. मागेपुढे कोणी नसलेला माणूस.

तेव्हाची मी म्हणजे शहाणपणाचा अर्क! ह्यांची बँकेतली नोकरी, दर तीन वर्षांनी बदली. कलकत्त्यात आलो आणि मी हट्ट धरला, की गुंतवणूक म्हणून एक घर घेऊन ठेवू, निवृत्तीनंतर तिथेच राहू. हे घर स्वस्त मिळत होतं, कारण आत जुना भाडेकरू बसला होता. "बसू दे की," मी ह्यांना म्हटलं, "माणूस राहून राहून किती राहील? तीन वर्षं, फार तर चार!" आम्ही बदलीवाले, उन्हाळा आला की अख्खं जग खोकी बांधतं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. थंडीत व्यवहार केला, ताज्या चुन्याच्या वासावर खूश होऊन. मग मालकीण झाल्यावर पहिल्यांदा तोऱ्यात तिथे गेले. धीरेनबाबूंनी चहा दिला, दक्षिणेकडच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि मला बंगालीत वहिनी म्हणत विचारलं, "बौदी, बारिश में देखा था?" नाही. घेण्याआधी भाडेकरूशी बोललात? नाही. कॉर्पोरेशनच्या दप्तरात घर कोणाच्या नावावर आहे, पाहिलंत?... तेही नाही. शेवटी मीच चिडून विचारलं, तुम्ही जाणार कधी? ते मनापासून हसले. "बदली आप लोग का होता है बौदी, हमारा नहीं."

घर सांभाळायचं कसं, हे मला त्या माणसानेच शिकवलं. आम्ही गावोगाव फिरत असताना त्यांची पत्रं यायची: गच्चीची पन्हळ पावसाआधी साफ करवली, नळवाला बदला, आणि पावती दिल्याशिवाय भाडं घेऊ नका, माझ्याकडूनसुद्धा. दर पावसाळ्यात भिंतीतली ओल जिथवर चढेल तिथे ते पेन्सिलीने रेघ मारत, शेजारी साल लिहीत, पोरांची उंची मोजावी तशी. मी मात्र प्रत्येक पत्रात एकच ओळ शोधायची... घर सोडतो आहे. ती कधी आली नाही. त्या घराच्या खिडकीत बसून पेपर वाचायचा, एवढाच ह्यांचा निवृत्तीचा बेत होता. हे कलकत्त्यातच, सॉल्ट लेकच्या भाड्याच्या घरात वारले. आम्हीही कोणाचे तरी भाडेकरू, आणि मी अजून आहेच!

परवा कुलूप उघडलं. घर माझं, रिकामं... आणि राहायला कोणी नाही. मुलगा परदेशातून म्हणतो, "आई, विकून टाक." माझे गुडघे तिसऱ्या मजल्यावर एकदाच चढतात. दलाल रंगारी घेऊनच आला होता. "आता थंडी आहे, चुना मारू मासीमा, ओल दिसणार नाही. बदली होऊन आलेलं एक नवं जोडपं आहे, लगेच घेतील."

मी भिंतीपाशी गेले. ओल शेवटच्या रेघेच्या चार बोटं वर चढली होती. पेन्सिल खिडकीतच होती. मी रेघ मारली, साल लिहिलं आणि रंगाऱ्याला म्हटलं, "एवढी भिंत सोड."

"मग कोणी घेणार नाही," दलाल म्हणाला.

"ठाऊक आहे."

किल्ली पर्समध्ये आहे. भिंतीवर वर अजून पुष्कळ जागा आहे.