भास्कररावांचा रविवार

भास्करराव गेल्याचा फोन कविश्वरांनी केला, तेव्हा मी इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होते. ‘शैलाताई, आपला रविवार गेला,’ एवढंच ते म्हणाले. मी फोन ठेवला, हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली, आणि मग खाली बसले. अनय, इरा, तुम्हाला हे आजोबा आठवत असतील. लहानपणी सुटीत आलात की मी तुम्हाला त्यांच्या मनीषनगरच्या घरी न्यायची, आणि तिथे तासभर गप्प बसायला लागायचं म्हणून तुम्ही कुरकुरायचात. त्यांच्याविषयी लिहायचं तुम्हाला कबूल केलं, त्याला काही आठवडे झाले. लिहिणं लांबलं, कारण आठवायला बसलं की त्यांच्या आधी मला माझी शरम आठवते.

भास्करराव अजनीला रेल्वेच्या ऑफिसात होते. तरुणपणी रेल्वे क्वार्टर्समधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा त्यांनी आपलं रेकॉर्डचं यंत्र आणि एक पेटीभर तबकड्या या शेजारच्या मुलाला दिल्या. त्यात होतं बरोक संगीत, म्हणजे युरोपातल्या दरबारांत आणि चर्चमध्ये तीनशे वर्षांपूर्वी वाजणारे वाद्यवृंद. व्हायोलिनांचा ताफा, मध्येच एखादी बासरी, आणि मागे हार्पसिकॉर्ड नावाचं एक पेटीसारखं वाद्य. तुमचे आजोबा म्हणायचे, कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा सुरात हलवतोय. भास्कररावांना हे का आवडलं ते त्यांना कधी सांगता आलं नाही. पण एकट्यानं ऐकणं त्यांना जमेना. म्हणून रविवारी सकाळी ओळखीतल्या दोघाचौघांना बोलवायला लागले, आणि ते पुढे आयुष्यभर चाललं.

त्या बैठकीचे नियम होते. तबकडी सुरू व्हायच्या आधी कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद म्हणजे काय, ते तुम्हाला तिकडच्या थंडीत कळायचं नाही. उन्हाळ्यात आमची मतं फार आटोपशीर असायची. सुई फक्त भास्कररावांनी ठेवायची आणि त्यांनीच उचलायची. ती उचलून झाली की दाराजवळच्या खुर्चीपासून एकेकानं मत द्यायचं, आणि आधीच्या माणसाचं उष्टं मत चालायचं नाही. मध्येच डोक्यावरून विमान विमानतळाकडे गेलं, तर भास्करराव म्हणायचे, ‘पहिलं मत याचं.’ तुमचे आजोबा निम्मा वेळ झोपायचे आणि जागे होऊन सगळ्यांत ठाम मत द्यायचे. सगळ्यांचं झालं की भास्कररावांची पाळी. ते काहीच मत द्यायचे नाहीत. ‘पुन्हा ऐकू,’ म्हणायचे आणि सुई परत पहिल्या जागी ठेवायचे.

आमच्यात दोन पक्ष पडले ते एकाच रचनेच्या दोन तबकड्यांवरून. एक त्या पेटीतली, जुनी. तिच्यात वाद्यवृंद भला मोठा, चाल संथ, आवाज दाट. दुसरी तुमच्या बाबांनी परदेशातल्या पहिल्या नोकरीनंतर घरी येताना आणलेली. तिच्यात मोजके वादक, त्या काळच्या पद्धतीची वाद्यं, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारा. सगळं चपळ आणि कोरडं. कविश्वर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ते जुन्या तबकडीचे. माझ्या तबकडीवर घोड्यावर बसून जेवल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची तबकडी म्हणजे वरातीतला हत्ती, असं माझं. ‘माझी’ म्हणते, पाहा. मुलानं आणलेली म्हणून ती माझी होती, आणि तिच्याबद्दल कोणी वावगं बोललं की मला ते मुलाबद्दलच वाटायचं. तबकडीच्या पाकिटावरचं इंग्रजी मी वाचून, समजावून सांगायची. भास्करराव माझं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यायचे. कविश्वरांचंही तसंच. त्यामुळे ते आपल्याच बाजूचे आहेत अशी आम्हा दोघांची खात्री होती.

शकुंतला, म्हणजे भास्कररावांची बायको, बैठकीत नसायची. नसायची म्हणजे घरात असायची. मत देणं सुरू झालं की पोह्याच्या बशा यायच्या, मग चहा. कधी ती दारात टेकून उभी राहायची. दाराजवळच्या खुर्चीपासून मतं सुरू व्हायची, आणि त्या खुर्चीच्या मागे ती उभी असायची... आमच्यापैकी कोणी कधी मान वळवली नाही.

तेरवी झाल्यावरच्या रविवारी तिनं आम्हाला नेहमीच्या वेळेला बोलावलं. रविवार रिकामा नको, असा निरोप होता. आम्ही आपापल्या खुर्च्यांवर बसलो, भास्कररावांची तेवढी मोकळी. कूलर बंद केला. तबकडी शकुंतलेनं आधीच काढून यंत्रावर ठेवली होती. पुण्याहून आलेल्या भाच्यानं सुई ठेवली. ती जुनी तबकडी होती. एक बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत खरखरत फिरत राहिली, कारण ती उचलायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्या खरखरीत कविश्वर डोळे पुसत म्हणाले, ‘ही त्यांची आवडती.’

तिथे गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, ‘नाही हो. त्यांना ती दुसरी आवडायची.’

पुढचं लिहिताना आजही कान गरम होतात. कविश्वरांनी दाखले दिले, मी दिले. अमक्या दिवाळीनंतर त्यांनी माझी तबकडी लागोपाठ लावली होती, असं मी म्हणाले. मग संथ चाल म्हणजे काय, वादक किती असावेत... आमचे आवाज चढले. शोक करायला आलेली दोन म्हातारी माणसं, फोटोला हार घातलेला, आणि आम्ही हातावर डोकं टेकून बसलेल्या भास्कररावांच्या त्या फोटोकडे बोट दाखवून त्याला आपापल्या बाजूनं ओढत होतो. भाच्यानं येऊन सुई उचलली, तेव्हा एकदम शांत झालं. शकुंतला ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

‘तुमी लोकं गेल्यावर आमी दोघं हेच लावत होतो, ताई,’ ती म्हणाली. मग तिनं सगळ्यांना चहा दिला. साखर कोणाला चालत नाही, तेही तिच्या लक्षात होतं.

त्यानंतरचे रविवार मी घरात काढले. मसाल्याचे डबे पुसले, तुमच्या बाबांच्या शाळेची प्रगतिपुस्तकं वर्षवार लावली, लावलेली पुन्हा लावली. कविश्वरांचा फोन आला नाही, मीही केला नाही. शकुंतलेला काय तोंड दाखवायचं, याच्या पुढे विचार जाईना. शरमेत एक गंमत असते, पोरांनो. माणसाला वाटतं, आपण दुसऱ्याचा विचार करतोय, आणि सगळा वेळ तो स्वतःचाच विचार करत असतो. हे मला घरी बसून कळलं नाही. परवाच्या रविवारी शेवटी ऑटो केली, तेव्हा कळलं.

क्षमा मागायची वाक्यं मी ऑटोत जुळवून ठेवली होती. शकुंतलेनं दार उघडलं आणि आधी पाण्याचा पेला दिला. आत यंत्रावर तीच तबकडी तशीच होती, वर धुळीची पातळ साय. मी वाक्यं सुरू करणार, तेवढ्यात तिनं विचारलं, ‘काहून नाही आल्या, ताई?’

‘लाज वाटत होती,’ मी म्हणाले. जुळवलेल्यातलं एवढंच शिल्लक राहिलं.

‘तुमाले लाज वाटून राहिली, कविश्वर सरायले लाज वाटून राहिली,’ ती म्हणाली. ‘अन् मी रोज त्या तबकडीकडे पाहून राहिली. भाचा पुण्याले गेला. मले सुई ठेवता येत नाही ना.’

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. उठून तिनंच कूलर बंद केला. आमच्याकडेही पूर्वी असं यंत्र होतं, त्यामुळे मला येत होतं. धूळ पुसून सुई ठेवली आणि सवयीनं मी माझ्या खुर्चीकडे वळले. ती म्हणाली, ‘तिथं नाही. इकडे या.’ आणि स्वयंपाकघरात गेली.

आम्ही गेल्यावर ती बशा, कप विसळायची आणि भास्करराव पुसून फळीवर लावायचे. बाहेरच्या खोलीत ही तबकडी चालू. सिंकजवळच्या खिळ्याला त्यांचं निळ्या चौकड्यांचं फडकं अजून आहे. तिनं ते काढून माझ्या हातात दिलं. घरात ती एकटी, तरी विसळायला तिनं सहा कप काढले होते. कपाटात बसून खराब होतात, म्हणाली. मी पुसत राहिले. चपळ तबकडीवर माझे एवढे कप पुसून झाले नसते, असं मनात आलं, आणि हेही एक मतच आहे म्हणून ते मी गिळलं.

आता रविवारी सकाळी फोन करू नका, मी घरी नसते. कविश्वरांनाही कळवलं आहे. येतो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी बाजू संपली. खरखर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. मी फडकं झटकून खिळ्याला लावलं, बाहेर जाऊन सुई उचलली. आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग शकुंतलेचा.

‘पुन्हा ऐकू,’ ती म्हणाली.