मेसच्या खिडकीवरचा फ्लेक्स

मेसवाल्या काकू नसत्या तर मी आज चाकणला नसतो, हे आधी सांगतो. काकू इथल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. रान गेलं, उरलेल्या तुकड्यावर चार खोल्या बांधल्या, आणि आता आमच्यासारख्या बाहेरच्या पोरांना जेवू घालतात.

मी नववीतून शाळा सोडून परभणीकडून आलो. इथं काम ठेकेदाराकडून मिळतं आणि ठेकेदार कुण्यातरी पुढारी साहेबांचा माणूस असतो. साहेबांचा वाढदिवस आला की ठेकेदाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा फोटो येतो. पांढरे कपडे, गॉगल, कानाला फोन. फोटो काढताना ही माणसं फोनवर नेमकं कुणाशी बोलतात, मला अजून कळलेलं नाही. तो फोटो आम्ही सगळ्यांनी स्टेटसला ठेवायचा. नाही ठेवला तर कुणी काही बोलत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर कार्ड चालत नाही.

अशाच एका वाढदिवशी चहाच्या सुट्टीत मी एका जुन्या पिक्चरची क्लिप स्टेटसला टाकली होती. गावाच्या जमिनी लाटणारा व्हिलन भर चौकात मार खातो, ती. मग ग्रुपवर फोटो आला, तोही इमानदारीनं टाकला. स्टेटस एकामागं एक दिसतात, हे डोक्यातच आलं नाही. मार खाणारा व्हिलन, आणि लगेच हसणारे साहेब.

सुट्टी होताना ठेकेदारानं कार्ड काढून घेतलं. मुद्दाम केलं नाही म्हणून मी परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, "लई शाना हायेस भावा. आता गावाकडं जाऊन पिच्चर बघ."

गावाकडं काय होतं? बहिणीचं कॉलेज माझ्या कामावर चाललेलं. रात्री मेसवर ताट तसंच सारून उठलो. काकूंनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ठेकेदार त्यांचा चुलत पुतण्या. सकाळी त्या त्याच्या घरी जाऊन आल्या आणि माझं कार्ड पुढं ठेवलं. म्हणाल्या, जा कामाला. काय बोलणं झालं, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी मेसवर आलो तर खिडकीवर साहेबांचा फ्लेक्स ताणून बांधलेला. याच साहेबांच्या माणसांनी काकूंचं रान घशात घातलं होतं. त्याचं तोंड माझ्या भिताडावर नको, असं म्हणून दर निवडणुकीला फ्लेक्स लावायला आलेल्या पोरांना त्यांनी पिटाळलेलं. आता भर दुपारीही त्या ट्यूब लावून भाकरी थापतात.

मी म्हणालो, "काकू, माझ्यामुळं..."

"गप जेव. भाकर गार व्हईल."

पिक्चरमधला व्हिलन शेवटी मार खातो, कारण लोकांना खूश होऊन घरी जायचं असतं. इथं त्याचा वाढदिवस दरवर्षी येतो, आणि मी आजही स्टेटस ठेवतो. आधीचं सगळं पुसून, दोनदा तपासून.

पण काकू, ज्या दिवशी माझं पोट त्या ठेकेदाराच्या हातात नसेल, त्या दिवशी शिडी घेऊन मीच येईन. तुमची खिडकी मोकळी करून देईन.