फेरीबोटीवर चावी फिरवली आणि फसले

मंडळी, आज आगरदांड्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघता बघता गाडीची बॅटरी बसली. चूक माझीच, इंजिन बंद करून पंखा आणि गाणी चालू ठेवली होती. आठवडाभर नोकरी, शनिवारी दिघीला आईकडे. डोळे मिटायला ही बोटीची रांगच तेवढी मिळते हो.

मागच्या मासळीच्या पिकअपवाल्या दादांकडे केबल होती. दोन्ही गाड्या बंद ठेवून लाल वायर प्लसला प्लस जोडली. काळीचं एक टोक त्यांच्या मायनसला, दुसरं माझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर धोका असतो. आधी त्यांची गाडी चालू केली, थोड्या वेळाने माझी.

"ताई, आता लगेच बंद करू नका हां," दादा म्हणाले.

बोटीवर चढले. खलाशी नेहमीसारखा ओरडला, "इंजिन बंद करा!" आणि मी नेहमीसारखी चावी फिरवली.

दिघीला बोट लागली तेव्हा गाडी चालू होईना, मागे सगळ्यांचे हॉर्न. दादा परत केबल घेऊन उतरले.

आईच्या दारात मी गाडी चालूच ठेवली. आई म्हणाली, "आत ये, जरा टेक."

"नको गं, आता बंद पडले तर परत उठायची न्हाय."

म्हणायचं होतं 'पडली'. गाडी. तोंडून 'पडले' निघालं.

 आईनेच खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

मी अजून आईकडेच आहे. उद्या दिघीत कोणाकडे केबल मिळेल का?