टोपलीतला बर्फ

नसबंदीचं विचारायला मी दवाखान्यात गेलो होतो. बाकावर शेजारी उरणकडचा एक माणूस बसला होता. खांदे भरदार, आणि मांडीवर तपासणीची डबी, रुमालात प्रसादासारखी गुंडाळलेली. नसबंदी होऊन त्याला तीन महिने झाले होते. वीर्यात आता काही उरलं नाही ना, ते आज बघायचं होतं. तोवर जपूनच राहायला सांगितलं होतं.

"दुखतं का हो?" मी हळूच विचारलं.

"दोन दिस ठनकतं, बस." सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज. "डॉक्टर बोलला, आठवडाभर वजन उचलू नको. मी चौथ्या दिवशी जत्रंत पालखीला खांदा दिला. नाय बोलायचं तर कारन सांगायची लाज वाटली ना! मंग आली सूज. बायको मासळी विकते. तिनं टोपलीतला बर्फ फडक्यात बांधून दिला, नि वर शिव्या." त्या शिव्या आठवून तो खुशीत हसला.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पन दोन्ही पोरांच्या टायमाला तिचंच पोट फारलं. आता पोरं बंद करायला तिसऱ्यांदा पन तिनंच टेबलावर झोपायचं काय?"

माझ्या बायकोचीही दोन सिझर झालीत. तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

घरी गेल्यावर तिनं विचारलं, "काय ठरलं?"

"तारीख घेतली," मी म्हणालो, आणि फ्रीजमधले बर्फाचे दोन्ही ट्रे काठोकाठ भरून ठेवले.